हाताच्या टप्प्यातला मृग

मोठ्या श्वापदांपैकी शिकारीस सर्वांत दुर्घट कोणते, हा शिकाऱ्यांच्या मंडळीत पिढ्यान्‌पिढ्या रंगत आलेला वाद आहे, आणि ज्याने कधी बंदूक हातात धरली नाही त्यालाही ऐकताना भुरळ पडावी असे त्यात पुष्कळ काही आहे. कोणी आफ्रिकेतल्या काळ्या रानरेड्याचे नाव घेतो, जो जखमी झाला म्हणजे झुडपात शिरून पाठलाग करणाऱ्याचीच वाट पाहत उभा राहतो. कोणी पामीरच्या पठारावरील त्या महाशृंगी मेंढ्याचे, ज्याच्या मागे चार हजार मीटरांच्या उंचीवर, विरळ हवेत, ऊर फुटेपर्यंत चढावे लागते. कोणी मध्य आफ्रिकेच्या निबिड अरण्यातील बोंगो या कुरंगाचे, जो हाकेच्या अंतरावर असूनही दृष्टीस पडत नाही. आणि आपल्या सह्याद्रीतले जुने शिकारी या वादात बसले असते तर त्यांनी निःशंकपणे गव्याचे नाव पुढे केले असते. सिंह, हत्ती, गेंडा, बिबट्या आणि रानरेडा या पाचांना आफ्रिकेत जी विशेष प्रतिष्ठा मिळाली तीही त्यांच्या आकारमानामुळे मिळाली नाही. पायी चालत त्यांच्यासमोर जाणे जिवावरचे असते म्हणून मिळाली. या सर्व वादाच्या बुडाशी एक गृहीत आहे, जे कोणी उच्चारीत नाही पण सर्वांना मान्य असते: ज्याचा वध कठीण त्याचा वध भूषणावह, आणि मारणाऱ्याने सोसलेले कष्ट हे जणू मारण्याचे मोल होय, जे चुकते केले की हिशेब मिटतो. हा हिशेब खरोखर मिटतो काय, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

तो प्रश्न मी कतरच्या उत्तर टोकाला बसून विचारीत आहे, आणि त्यास कारण आहे. दोह्याहून सुमारे शंभर किलोमीटर उत्तरेस, जेथे द्वीपकल्प संपून समुद्र तीन बाजूंनी दिसू लागतो, तेथे मदिनत अश शमाल हे गाव १९७० च्या दशकात आसपासच्या कोळी वस्त्यांचे सरकारी ठाणे म्हणून वसविले गेले. शेजारी अर रुवैसचे बंदर आहे. पश्चिमेच्या किनाऱ्याने निघाले की अल जुमैल, अल अरीश अशी ओस पडलेली गावे लागतात, ज्यांच्या चुनखडीच्या भिंती अद्याप उभ्या आहेत. आणि आणखी पुढे अल झुबारा, अठराव्या शतकातले मोत्यांच्या व्यापाराचे नगर, जे २०१३ साली जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाले. आग्नेयेस रास लफानच्या वायूच्या कारखान्यांत जी मराठी माणसे नोकरीस आहेत त्यांना हा मुलूख प्रथमदर्शनी निर्जीव वाटतो. परंतु हिवाळा आला, ससाणे बाहेर निघाले, आणि मजलिसीत बैठक जमली म्हणजे या सपाट, निष्पर्ण भूमीने शिकारीची किती दीर्घ स्मृती जतन केली आहे ते ध्यानात येते. सलुकी जातीचे कृश, वेगवान कुत्रे येथे घरच्या माणसासारखे वागविले जातात. आपल्याकडे सोलापूर-लातूरच्या माळांवर सशामागे धावणारा कारवानी कुत्रा याच रक्ताचा, असे जाणकार मानतात, आणि दोघांना शेजारी उभे केले तर नजर ते मान्य करते.

या भूमीत ‘सर्वांत दुर्घट शिकार कोणती’ या प्रश्नाला एकच उत्तर होते: ओरिक्स, ज्याला येथे अल महा म्हणतात. आज अरबस्तानात असलेल्या कुरंगांत हा सर्वांत मोठा. पांढरेशुभ्र अंग, काळपट पाय, आणि भाल्यासारखी सरळ, लांब शिंगे, जी नराला आणि मादीला सारखीच असतात. पाण्याचा थेंब न पिता हा प्राणी महिनोन्‌महिने राहू शकतो. झुडपांच्या पानांतला ओलावा आणि पहाटेचे दव एवढ्यावर त्याचा निर्वाह होतो. आणि दूर कोठे पाऊस पडला तर रात्रीतून वाट तुडवीत तो त्या दिशेने निघतो. त्याचा माग काढायचा म्हणजे उंटावर बसून दिवसचे दिवस, आपल्या कातडी पखालीतले पाणी मोजत, अशा वाळवंटात शिरावे लागे की जेथे तो जगू शकत होता आणि माणूस जगू शकत नव्हता. म्हणून ज्याने ओरिक्स मारला त्याचे नाव टोळीत आदराने घेतले जाई, आणि या आदराला अर्थ होता; कारण त्या शिकारीत मारणाऱ्याचा प्राणही खरोखर पणाला लागलेला असे.

प्राचीन अरबी कवींनी या प्राण्यावर जे लिहिले त्यात एक संकेत आहे, ज्याची मला फार ओढ वाटते. लबीदच्या प्रसिद्ध दीर्घकाव्यात वत्स हरवलेली ओरिक्स-माता शिकारी कुत्र्यांशी झुंजते आणि त्यांना शिंगांवर घेऊन निसटते. नवव्या शतकातील थोर ग्रंथकार अल जाहिझ याने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात नोंदविले आहे की, काव्य जर प्रशस्तीचे असेल आणि कवी आपल्या उंटिणीला ओरिक्सची उपमा देत असेल, तर झुंजीत कुत्रे मरतात. परंतु काव्य जर शोकाचे किंवा उपदेशाचे असेल तर कुत्रे जिंकतात आणि ओरिक्स मरतो. म्हणजे या पशूच्या मरणाकडे ते लोक मर्त्यतेचा दाखला म्हणून पाहत होते: इतका सावध, इतका चपळ, इतका निःसंग असूनही ज्याला मरण चुकत नाही, त्याच्याकडे पाहून माणसाने आपले मरण ओळखावे. शिकारीच्या काठिण्यातून निर्माण झालेला हा आदरभाव खोटा होता असे मी म्हणणार नाही. तो पुरेसा होता काय, एवढेच विचारायचे आहे.

तो पुरेसा नव्हता, हे विसाव्या शतकाने दाखविले. मोटार आली, दूर पल्ल्याची बंदूक आली, आणि ज्या रखरखीत विस्ताराने ओरिक्सला युगानुयुगे राखले होते तोच विस्तार त्याचा घातक झाला. कारण सपाट रेतीवर लपायला आडोसा नसतो, आणि मोटारीला तहान लागत नाही. १९६० नंतरच्या एक-दोन वर्षांत कतरहून मोटारींचे तांडे दक्षिणेस एडनच्या पूर्वेकडील मुलखापर्यंत गेले आणि तेथे उरलेल्या कळपांवर तुटून पडले. १९६२ साली मेजर इयन ग्रिमवुड यांच्या नेतृत्वाखाली एक तुकडी त्याच मुलखात काही ओरिक्स जिवंत धरण्यासाठी गेली, तेव्हा तिच्या पदरात जेमतेम तीन प्राणी पडले. त्यांच्यात इतर ठिकाणचे आणखी काही मिळवून १९६३ मध्ये अमेरिकेतील फीनिक्स येथे एक कळप उभा करण्यात आला. वन्य स्थितीतले शेवटचे ओरिक्स ओमानच्या जिद्दत अल हरासीस पठारावर १९७२ साली संपले. त्याच वर्षी भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम संमत झाला; आणि आपल्याकडचा चित्ता, ज्याला कोल्हापूरच्या दरबारी चित्तेवान माणसाळवून काळवीटांवर सोडीत, त्याच्या नावापुढे नामशेष अशी नोंद होऊन तोवर वीस वर्षे लोटली होती.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, मोटारीतून गेलेले ते लोक कोणी परके लुटारू नव्हते. ज्या समाजाने ओरिक्सच्या दुर्घटतेचे गोडवे गायिले त्याच समाजाचे ते लोक होते. काठिण्य सरले तरी कीर्तीची हाव तशीच राहिली, आणि पराक्रमाचे जुने नाव नव्या कृतीला तसेच चिकटून राहिले. मला वाटते, ज्या नीतीचा आधार केवळ कृतीच्या काठिण्यावर असतो ती नीती साधने बदलताच कोसळते. कारण काठिण्य ही बाहेरची वस्तू आहे, ती वाळूत असते, उंचीवर असते, पशूच्या शिंगांत असते, आणि बाहेरची वस्तू बाहेरच्या उपायाने हटविता येते. रानरेडा, मेंढा, बोंगो, गवा यांची सगळी प्रतवारी पुरेसा पैसा आणि पुरेशी यंत्रे यांच्यापुढे एका पातळीवर येते. मग दुर्घट असे उरते तरी काय?

याचे उत्तर मला ज्या ठिकाणी सापडले ते येथल्याच धर्मग्रंथात आहे, आणि एका परधर्मीयाने ते आदरपूर्वक मांडावे याला कोणाची हरकत असू नये. कुराणाच्या अल माइदा या पाचव्या सूरेत यात्रेकरूंसाठी शिकारीचे नियम आहेत. हज किंवा उमरा यांसाठी इहराम धारण केला, म्हणजे बिनशिवणीची दोन वस्त्रे नेसून माणूस व्रतस्थ झाला, की त्याला भूमीवरील शिकार वर्ज्य होते. पण नियम सांगण्यापूर्वी त्या सूरेत जी प्रस्तावना येते ती विलक्षण आहे. ईश्वर श्रद्धावंतांची परीक्षा शिकारीच्या द्वारे घेईल, आणि ती शिकार त्यांच्या हातांच्या व भाल्यांच्या टप्प्यात आणून ठेवलेली असेल, असा तिचा आशय. आणि हेतू असा की, न दिसणाऱ्या ईश्वराला कोण भितो ते प्रकट व्हावे. भाष्यकारांनी या वचनाचा संबंध इसवी सन ६२८ मधील हुदैबियाच्या यात्रेशी जोडला आहे. त्या मुक्कामात रानपशू आणि पाखरे यात्रेकरूंच्या बिऱ्हाडांपर्यंत येत, हात लांबविला तर धरता यावीत इतकी जवळ, असे ते सांगतात.

या परीक्षेची योजना पाहा. शिकाऱ्याची सर्व परीक्षा दूरत्वात असते: पशू दूर आहे, सावध आहे, बलाढ्य आहे, त्याच्यापर्यंत पोहोच. येथे नेमके उलट आहे. पशू जवळ आहे, बेसावध आहे, भाला हातात आहे, पोटात कदाचित भूकही आहे. पाहणारा कोणी नाही. आणि परीक्षा अशी की हात उचलू नकोस. याच ग्रंथाच्या सातव्या सूरेत समुद्रकाठच्या एका नगराची कथा आहे, जेथे शब्बाथच्या निषिद्ध दिवशीच मासे पाण्यावर उघडपणे येत आणि इतर दिवशी येत नसत. आणि ते लोक त्या कसोटीत पडले. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे. सर्वांत दुर्घट शिकार ती, जी सुलभ झाली आहे. पामीरच्या मेंढ्यापर्यंत पोहोचणाऱ्याला छाती लागते. उंबऱ्याशी आलेल्या हरिणाला जाऊ देणाऱ्याला जे लागते त्याला छाती म्हणता येणार नाही, पण ते तिच्याहून दुर्मिळ आहे. हे काठिण्य पशूच्या अंगी नसते, भूगोलात नसते. माणसाने स्वतःला घालून घेतलेल्या बंधनात असते, आणि म्हणून कोणतेही यंत्र ते कमी करू शकत नाही.

नियमभंग झालाच तर काय, याचाही निर्णय तेथे दिलेला आहे, आणि तो माझ्या मते धर्मशास्त्रातील फार खोल विचारांपैकी एक आहे. ज्याने इहरामात पशू मारला त्याने त्या पशूच्या तोडीचे पाळीव जनावर अर्पण करावे, आणि ती तोड कोणती हे दोन न्यायी माणसांनी ठरवावे. अथवा गरिबांना अन्न द्यावे. अथवा त्या प्रमाणात उपवास करावे. पुढे शास्त्रकारांनी याची कोष्टके बसविली. शहामृगाबद्दल उंट, हरिणाबद्दल बकरी, आणि रानगाय, ज्या नावाखाली ओरिक्स येतो, तिच्याबद्दल गाय. आपल्याकडच्या प्रायश्चित्त-प्रकरणांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हे परके वाटणार नाही. वधाला मोबदला आहे, पण तो पशूला देता येत नाही. म्हणून तो पशूच्या योग्यतेइतका असावा, आणि ती योग्यता मारणाऱ्याने स्वतः ठरवू नये, एवढी दक्षता घेतलेली आहे.

आता हे कोष्टक घेऊन आजच्या काळात या. अरबी शहामृग १९६० च्या दशकात जगातून नाहीसा झाला. कोष्टकातला उंट अजून आहे, मदिनत अश शमालच्या रस्त्याकडेला चरताना दिसतो. ज्याच्याबद्दल तो द्यायचा तो शहामृग मात्र कोठे नाही. तोड ठरविण्याची सारी कल्पना या विश्वासावर उभी होती की, मेलेल्या पशूसारखे दुसरे पशू आहेत, वंश चालू आहे, आणि एका प्राणाची झालेली तूट दुसऱ्या मोलवान वस्तूने भरून निघू शकते. जिद्दत अल हरासीसवर १९७२ मध्ये पडलेल्या शेवटच्या ओरिक्सला किती गायी? जगातील कोणतेही दोन न्यायी पंच बसले तरी त्यांना येथे निवाडा देता येणार नाही, कारण शेवटच्याला तोड नसते. त्याच्याबरोबर केवळ एक प्राण जात नाही; पुढे होऊ शकणारे सर्व प्राण जातात, आणि ज्यांनी मोबदला मागायचा तेही जातात. शिकाऱ्याने सोसलेल्या कष्टांचा हिशेब जो मी आरंभी सांगितला, तो येथे येऊन थिजतो.

आपल्या परंपरेत हा विचार अगदी वेगळ्या वाटेने आला आहे. मनूने राजाच्या कामज व्यसनांत मृगया घातली आणि मद्य, द्यूत व स्त्रिया यांच्या पंक्तीला बसवून तिला अत्यंत घातक ठरविले. कौटिल्याने मात्र द्यूताच्या तुलनेत मृगयेचा पक्ष घेतला: तिने व्यायाम घडतो, कफ, पित्त आणि मेद झडतात, स्थिर व चल लक्ष्यावर नेम बसतो, आणि क्रोधात व भयात पशूचे चित्त कसे असते याचे ज्ञान होते. या शेवटच्या लाभाशी मी नेहमी थबकतो. भयभीत पशूचे चित्त जाणणे हा जर लाभ असेल तर तो जाणणाऱ्याला काही देणे लावून जातो. आणि ते देणे कोणाचे याचे उत्तर अर्थशास्त्रात नाही, महाभारतात आहे. वनपर्वात पांडव द्वैतवनात मृगया करून निर्वाह करीत असता एका रात्री युधिष्ठिराच्या स्वप्नात त्या वनातले मृग येतात, कंठ दाटलेले, थरथरणारे, आणि विनवितात की आम्ही आता बीजापुरते उरलो आहोत, आपण मुक्काम हलवा म्हणजे आमचा वंश वाढेल. युधिष्ठिर जागा होतो, भावांना हकीकत सांगतो, आणि सर्वजण काम्यकवनात निघून जातात. या आख्यानात मृगयेचा निषेध नाही. पांडव क्षत्रिय आहेत आणि पुढेही शिकार करतीलच. केवळ एवढे आहे की, संख्या बीजावर आली तेव्हा धर्मराजाने ती फिर्याद ऐकली, आणि ती ऐकण्यासाठी त्याला कोणा अमात्याच्या अहवालाची गरज पडली नाही. माणसे आणि मृग यांच्यातला इतका सुसंस्कृत व्यवहार मी दुसरीकडे वाचलेला नाही.

मराठी मुलखात अशा संयमाचा शिलालेखी पुरावाही आहे. भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सोपाऱ्यास अशोकाच्या शिलाशासनाचा जो तुकडा मिळाला तो आठव्या शासनाचा, आणि आठवे शासन नेमके हे सांगते की, पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत आणि या राजाने त्यांच्या जागी धर्मयात्रा सुरू केली. कोकणच्या ज्या बंदरातून पश्चिम समुद्रात गलबते जात, तेथल्या माणसांसाठी हे शासन दगडावर कोरले गेले होते. तेराव्या शतकातल्या चक्रधरस्वामींची सशाची लीळा महाराष्ट्रात पुष्कळांना पाठ्यपुस्तकापासून ठाऊक आहे: कुत्र्यांनी पिटाळलेला ससा स्वामींच्या आश्रयास येतो, मागून शिकारी येतात आणि तो आपला म्हणून मागतात, आणि स्वामी तो देत नाहीत, अखेर शिकारीच बदलून जातात. अरबी म्हणींच्या संग्रहांत याची एक काळोखी बहीण आहे. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला तरस एका बदाउनीच्या राहुटीत शिरतो. राहुटीचा मालक उपसलेल्या तलवारीनिशी दारात उभा राहून सांगतो की हा आता माझ्या अभयात आहे, आणि शिकारी परततात. रात्री तोच तरस त्या माणसाचा जीव घेतो. अपात्रावर उपकार करू नये असा याचा बोध सांगतात. मला तो बोध दुय्यम वाटतो. कुत्री, शस्त्रे आणि भूक बरोबर असलेले ते शिकारी एका अनोळखी माणसाच्या अभयवचनापुढे मागे फिरले, ते मागे फिरणे मला या कथेचे मध्यवर्ती स्थान वाटते. कथा सांगणाऱ्याला ते इतके स्वाभाविक वाटले की त्याने त्यावर भाष्यही केले नाही.

परंतु राजे, संत आणि यात्रेकरू यांची उदाहरणे ऐकून कोणी म्हणेल की, ज्यांच्या ताटात दुसरे काही आहे त्यांचा हा संयम. या आक्षेपाला उत्तर फासेपारध्यांनी दिले आहे. दोरीच्या फाशांनी काळवीट धरण्यात या जमातीचा हातखंडा. १८७१ च्या कायद्याच्या धोरणाखाली इंग्रज सरकारने तिच्यावर गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि तो कायदा १९५२ साली रद्द झाला तरी गावोगावच्या चावड्यांवर तो शिक्का पुसला गेला नाही. त्याच फासेपारध्यांची अहमदनगरकडील चाल माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदविली आहे: फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर ते सोडून देतात. पकडलेले, बांधलेले, हातात असलेले सोडतात. ज्यांच्या घरी सायंकाळची चूल त्या फाशावर अवलंबून होती त्यांनी ही रीत पाळली, आणि ज्यांच्या घरी भरलेली कोठारे होती त्यांनी संस्थानी शिकारखान्यांत काळविटांच्या मुंडक्यांच्या रांगा लावल्या. कोणाच्या नावावर गुन्हा नोंदविला गेला हे इतिहासाला ठाऊक आहे. हाताच्या टप्प्यातल्या मृगाची जी परीक्षा सूरेत सांगितली आहे तिच्यात हे लोक ग्रंथ न वाचता उतरले.

येथे माझ्या विवेचनाला एक कठीण गाठ पडते, आणि ती झाकणे बरे नव्हे. इहराम उतरला की शिकार पुन्हा वैध होते. त्याच सूरेत तसे स्पष्ट आहे. मग हा संयम कालमर्यादित आहे, आणि जैन किंवा वारकरी संस्कारात वाढलेल्या मराठी मनाला तो अपुरा वाटल्यावाचून राहणार नाही: जे दहा दिवस पाप आहे ते अकराव्या दिवशी निर्दोष कसे? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. संपूर्ण अहिंसेचे व्रत हे उच्चतर आहे हे मला मान्य. पण कालमर्यादित व्रतात एक शिकवण असते जी संपूर्ण व्रतात लोपू शकते. ज्याने मांस कायमचे सोडले त्याच्यासमोरून हरीण गेले तरी त्याचे चित्त हलत नाही, आणि न हलणाऱ्या चित्ताची परीक्षा होत नाही. व्रतस्थ शिकाऱ्याचे चित्त हलते, डोळा अंतर मोजतो, बोटे आवळतात, आणि तरीही तो थांबतो. आपली शक्ती आणि आपला अधिकार या दोन भिन्न वस्तू आहेत हे त्याला अंगाने कळते. त्या ज्ञानासह तो पुन्हा शिकारीस जाईल तेव्हा पूर्वीचाच माणूस राहणार नाही, अशी त्या नियमाची अपेक्षा असावी. द्वैतवनाचे स्वप्न या नियमाला जी जोड देते ती एवढीच की, व्रताची मुदत यात्रेने न ठरता मृगांच्या संख्येने ठरावी. दोन्ही विचार एकत्र केले म्हणजे जे धोरण तयार होते ते मला आजच्या कोणत्याही सरकारी तजविजीपेक्षा सुबुद्ध वाटते.

ओरिक्सच्या पुढच्या कथेने ही गाठ आणखी आवळली. ज्या शेखांच्या मुलखातून ते मोटारींचे तांडे गेले तेथल्याच खासगी कुरणांत ओरिक्स राखले गेले होते, आणि आज शाहानियाच्या राखीव रानात त्यांचा कळप आहे. कतरने त्याला राष्ट्रीय प्राणी मानले आणि आपल्या विमानांच्या शेपटांवर त्याचे मस्तक रंगविले. ओमानमध्ये १९८२ साली यालूनी येथे बंदिवासात वाढलेले ओरिक्स मोकळे सोडले गेले आणि त्यांच्या राखणीस हरासीस टोळीचे तेच बदाउनी नेमले गेले ज्यांचे वडील त्यांचा माग काढीत असत. १९९४ साली ते रान जागतिक वारसा झाले. १९९६ मध्ये तेथे सुमारे ४५० प्राणी होते. २००७ पर्यंत ६५ उरले, सरकारने तेलासाठी अभयारण्याचे क्षेत्र नव्वद टक्क्यांनी घटविले, आणि ते रान वारशाच्या यादीतून कमी झाले, जी यादीच्या इतिहासातील अशी पहिलीच घटना. या ऱ्हासाचे प्रमुख कारण सांगताना मन विषण्ण होते. ओरिक्स मारण्यासाठी चोरले जात नव्हते. ते जिवंत धरून, विशेषतः माद्या, परदेशी हौशी धनिकांच्या संग्रहांत विकले जात होते. ज्यांना तो सुंदर वाटत होता, दुर्मिळ म्हणून मोलाचा वाटत होता, त्यांच्याच ओढीने तो पुन्हा संपत होता. पशू मारणे आणि पशू बाळगणे यांत शिकाऱ्याचा हात तोच असतो. फक्त त्यातले शस्त्र बदललेले असते. एवढे असूनही अन्य देशांत त्याला मोकळे सोडण्याचे यत्न फळाला आले, आणि २०११ साली वन्य स्थितीतून एकदा नाहीशा झालेल्या या प्राण्याची गणना ‘असुरक्षित’ इतक्या सौम्य वर्गात होऊ शकली; असा पल्ला गाठणारा हा पहिला प्राणी. मदिनत अश शमालच्या जवळून सुरू होणारे अल रीमचे जीवावरणक्षेत्र, २००७ साली मान्यता मिळालेले, रीम या हरिणाचे नाव धारण करते. हे प्रायश्चित्त आहे काय? मी तसे म्हणायला धजतो, एवढ्याच अटीवर की प्रायश्चित्ताने दोष विसरला जाऊ नये.

आता समुद्राकडे वळले पाहिजे, कारण या गावाचा खरा व्यवहार समुद्राशी आहे. इहरामातही समुद्रातील शिकार वैध आहे, असे ती सूरा सांगते. कतर आणि बहारीन यांच्यामधल्या उथळ पाण्यात सागरी गवताची कुरणे आहेत आणि त्यांवर समुद्रगाय चरते: सस्तन, श्वासासाठी पृष्ठभागावर येणारी, चारशे किलोपर्यंत भरणारी, दीर्घकाळाने एकच पिल्लू देणारी. १९८६ साली या पाण्यात सहाशेहून अधिक समुद्रगायींचा एकत्र कळप पाहिला गेला. पूर्वी आखातात तिची शिकार होत असे. आणि ती निव्वळ पोटासाठी नसावी, याचा पुरावा उम्म अल कैवैनच्या अकाब बेटावर आहे, जेथे पाच हजार वर्षांपूर्वी माणसांनी कित्येक समुद्रगायींच्या कवट्या आणि फासळ्या विचारपूर्वक रचून एक पवित्र स्थान उभारले होते. मारलेल्या पशूचे ऋण त्या अनामिक कोळ्यांनाही जाणवले होते, एवढे तरी त्या रचनेवरून म्हणता येते.

आज तिला कोणी भाल्याने मारीत नाही. ती जाळ्यात अडकते, श्वासासाठी वर येऊ शकत नाही, आणि बुडून मरते; जाळे टाकणारा खलाशी, बहुधा आपल्याच उपखंडातून पोटासाठी आलेला, त्या वेळी किनाऱ्यावर झोपलेला असतो. येथे शिकारी नाही, नेम नाही, हेतू नाही, काठिण्याचा प्रश्नच नाही. शब्बाथच्या त्या नगरातील लोकांविषयी परंपरा सांगते की, त्यांनी निषिद्ध दिवशी हात लावला नाही. आदल्या दिवशी जाळी लावून ठेवली आणि तो दिवस सरल्यावर मासे काढले, आणि तरीही ते दोषी ठरले. दशरथानेही ज्याला मारले त्याला पाहिले नव्हते. पाण्याचा आवाज ऐकून बाण सोडला होता, आणि त्या बाणाचे देणे त्याला आयुष्याच्या अखेरीस फेडावे लागले. इहरामात पशू मारणाऱ्याचा दंड सांगताना ग्रंथाने बुद्धिपुरस्सर वधाचा उल्लेख केला असला, तरी बहुसंख्य शास्त्रकारांनी अजाणता घडलेल्या वधालाही तोच मोबदला लागू केला. मी त्या बहुसंख्यांच्या बाजूचा आहे. अर रुवैसच्या बंदरात जाळी सुकत घातलेली असतात, ती कोणत्या कुरणावर, कोणत्या ऋतूत, किती वेळ पाण्यात ठेवली जावीत आणि त्यांच्यापाशी रात्री कोणी जागे असावे की नाही, हा मला आता रानरेड्याच्या आणि गव्याच्या प्रश्नापेक्षा अधिक कठीण आणि अधिक धार्मिक प्रश्न वाटतो. आणि त्याचा निवाडा करायला बसणाऱ्या दोन न्यायी माणसांपैकी एक तरी त्या खलाशांपैकी असावा.